फिशटँकची प्लास्टिक फ्रेम काढून तो रिमलेस करता येतो का? (काच न फोडता)

गप्पी_गप्प
बरेच दिवस मनात घोळतंय, आज विचारूनच टाकतो. माझ्याकडे साधा काचेचा टँक आहे. ६० सेंमी लांब, ३० रुंद, ३६ उंच. वर आणि खाली काळी प्लास्टिकची फ्रेम. आत झाडं छान धरलीत, तळाशी झाडांचं कार्पेट पसरलंय, पण वरची काळी पट्टी नेमकी पाण्याच्या पातळीवर आडवी येते. फोटो काढला की नजर आधी पट्टीवर, मग माशांवर.

ही फ्रेम काढली तर टँक तसाच उभा राहतो का? काही व्हिडिओंत लोक ब्लेड फिरवतात आणि दहा मिनिटांत टँक रिमलेस होतो. काहींच्या मते फ्रेम काढली की टँक फुटलाच म्हणून समजा. खरं काय? काच ६ मिमीची आहे असं घेताना सांगितलं होतं. "त्यापेक्षा नवा घे" हा सल्ला कृपया नको, तो घरातून रोज मिळतोय.

तिरकस
घरातलाच सल्ला ऐका. आमच्याकडे न ऐकल्याचे परिणाम अजून लाद्यांच्या फटीत आहेत.

नीलजल
मी केलंय. ४५ × २७ × ३० चा टँक, काच ५ मिमी. चार वर्षं झाली, थेंबभर गळलेला नाही.

दहा मिनिटांचं काम मात्र नाही, मला अख्खी दुपार लागली. टँक पूर्ण रिकामा आणि कोरडा करा, जाड घोंगडीवर ठेवा. फ्रेम काचेला सिलिकॉनने चिकटवलेली असते. कुठे भरपूर, कुठे नुसता ठिपका. नवं कोरं ब्लेड काचेला सपाट धरून फ्रेमच्या खालून वर सरकवायचं, आधी आतल्या बाजूने, मग बाहेरच्या. चारही बाजू मोकळ्या झाल्या की प्रत्येक बाजूच्या मध्यावर फ्रेम बारीक करवतीने कापायची. आरपार नाही. शेवटचा पातळ थर ब्लेडने, कारण करवतीचा एक दात काचेला लागला तरी टवका उडतो. मग ते तुकडे वर न ओढता हळूहळू बाहेरच्या अंगाला वळवत काढायचे. सिलिकॉन सुटताना जुनं कापड फाटल्यासारखा चर्र आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा काच गेली असंच वाटलं मला.

स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. प्लास्टिकची पट्टी वापरा. आणि हातमोजे, कारण फ्रेमखालचा काठ घासलेला असेलच असं नाही. माझा नव्हता.

शेवाळराव
वाचतोय. माझ्याही मनात आहे.

काचकाम
काचेच्या धंद्यात आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द.

नीलजलताई, तुमचा टँक टिकला त्याचं श्रेय ब्लेडला नाही, उंचीला आहे. हिशोब सोपा आहे. पाण्याची उंची आणि काचेची लांबी मीटरमध्ये घ्या. उंचीचा वर्ग करा, त्याला लांबीने गुणा, मग ५०० ने. त्या काचेवरचा एकूण रेटा किलोत मिळेल. तुमचा टँक काठोकाठ भरला तरी समोरच्या काचेवर साधारण २० किलो. धागाकर्त्यांचा ३९ किलो. १२० लांब आणि ५० उंच टँक घेतला तर १५० किलो. या हिशोबात टँकची रुंदी कुठेच नाही, हे लक्षात आलं का? टँक मागे ३० सेंमी जावो नाहीतर ३ मीटर, समोरच्या काचेला तेवढाच रेटा बसतो. पाणी किती लिटर आहे हे तिला कळतच नाही, किती उंच आहे तेवढं कळतं.

आता फ्रेमचं काम. खाली काच तळाला धरलेली असते, दोन्ही बाजूंना शेजारच्या काचांना. चौथी बाजू, म्हणजे वरचा काठ, मोकळी. पाणी ढकलतं तेव्हा हा काठ मध्यावर बाहेर झुकतो. फ्रेम त्याला चारही बाजूंनी पट्ट्यासारखी आवळून धरते. ती काढली की सगळी भिस्त काचेच्या जाडीवर. जाडीचं गणित असं की बाक तिच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. ६ ऐवजी ८ मिमी घेतली तर बाक निम्म्याहून कमी होतो. उलट दिशेनेही तेच.

तेव्हा ब्लेड नंतर, आधी काच मोजा. सांगितलेली जाडी आणि असलेली जाडी यांत फरक निघालेला मी भरपूर वेळा पाहिलाय.

गप्पी_गप्प
मोजायची कशी? वरचा काठ फ्रेममध्ये, खालचा काठ फ्रेममध्ये.

काचकाम
उभ्या कोपऱ्यात. तिथे एक काच दुसऱ्या काचेला टेकते, त्यामुळे एका काचेची कड उघडी दिसते. समोरून दिसेल, नाहीतर बाजूने. तिच्यावर व्हर्नियर धरा. बाहेर आलेलं सिलिकॉन मोजू नका.

जलपर्णी
ज्यांना "काही होत नाही" वाटतं त्यांच्यासाठी माझी गोष्ट.

१२० × ५० उंचीचा टँक, काच ६ मिमी, वर फ्रेम आणि मधोमध प्लास्टिकची आडवी पट्टी. ती पट्टी दिव्याची सावली पाडायची म्हणून मी फ्रेमसकट काढली. पाणी भरलं. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लागल्यावर समोरच्या काचेत दाराचं प्रतिबिंब वाकडं दिसलं. आधी वाटलं डोळ्यांचा भास. स्टीलची पट्टी वरच्या काठावर आडवी धरली, मध्यावर टेकवली, तर दोन्ही टोकांना मिळून जवळपास ३ मिमी फट. काच फुगली होती. मग कोपऱ्यात पाहिलं. उभ्या जोडातलं सिलिकॉन आधी काचेसारखं पारदर्शक होतं, आता वरच्या चार बोटं भागात दुधी रेघ उमटली होती. ताणलं गेलं होतं ते. मी बघत असतानाच त्या रेघेतून एक थेंब बाहेर आला आणि काचेवरून अगदी सावकाश खाली गेला.

रात्री दीड वाजेपर्यंत बादल्या. टँक फुटला नाही, एवढंच. मधली पट्टी असलेल्या टँकला कोणी हात लावू नका. ती पट्टी उगाच दिलेली नसते.

तिरकस
वाचूनच पाय ओले झाले.

नीलजल
जलपर्णी, बाप रे! पण माझं म्हणणं तेच आहे, छोट्या टँकला चालतं.

काचकाम
"छोटा" म्हणजे किती हे प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं, तिथेच घोटाळा होतो. म्हणून तुलना मुळातच रिमलेस बनवलेल्या टँकशी करा. जपानच्या एडीए कंपनीचा ६०-पी हा टँक धागाकर्त्यांच्याच मापाचा आहे, ६० × ३० × ३६, काच ६ मिमी. त्यांचाच ९०-पी, ९० × ४५ × ४५, थेट १० मिमी. उंची ९ सेंमीने वाढली आणि लांबी दीडपट झाली तर त्यांनी जाडी किती वाढवली बघा. आपल्या टँकची काच त्याच मापाच्या रिमलेसपेक्षा पातळ असेल तर फ्रेम शोभेची नाही, कामाची आहे.

आणि जोडही बघा. रिमलेस म्हणून बांधलेल्या टँकमध्ये काचा घासून गुळगुळीत केलेल्या असतात आणि दोन काचांच्या मधला सिलिकॉनचा थर सलग असतो. फ्रेमवाल्या टँकमध्ये आतल्या कोपऱ्यात बोटाने ओढलेलं सिलिकॉन भरपूर दिसतं, पण काच-काचेमधल्या थरात बुडबुडे राहिलेले असतात. खरी पकड त्या मधल्या थराची. आतलं सिलिकॉन पाणी अडवायला.

शेवाळराव
खालच्या फ्रेमचं काय? वरची काढून खालची ठेवली तर अर्धवट दिसेल ना?

नीलजल
मी खालची ठेवली. खालची काढायच्या आधी टँकखाली वाकून बघा. पुष्कळ टँकमध्ये तळाची काच टेबलाला टेकलेलीच नसते, चार काचांच्या आत अधांतरी बसवलेली असते आणि वजन कडेने फ्रेमवर जातं. अशा टँकची खालची फ्रेम काढली तर टँक बाजूच्या काचांच्या चार कडांवर उभा राहणार, आणि त्या कडा एका पातळीत असतीलच असं नाही.

काचकाम
+१. म्हणूनच फ्रेमवाल्या टँकखाली थर्माकोल किंवा फोम घालू नये म्हणतात. फोम मधे फुगून तळाच्या काचेला खालून दाब देतो. रिमलेस टँकला उलट. तळ सपाट टेकलेला असतो, त्याला खाली मऊ मॅट हवीच, नाहीतर वाळूचा एक खडा अडकला तरी तिथून तडा जातो. स्टँड आधी पाणसळ लावून बघायचा.

आजोबा_मासेवाले
अवांतर होईल, पण राहवत नाही.

तुम्ही तरुण मंडळी फ्रेम काढायला निघालात, आमच्या लहानपणी फ्रेम हाच टँक होता. लोखंडी अँगल, त्यात काचा बसवायच्या आणि फटीत पुट्टी भरायची. पुट्टी वाळली की गळायचा, टँक हलवला की गळायचा, काही नाही केलं तरी गळायचा. गंजाचे ओघळ काचेवर. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय १८५३ साली उघडलं आणि त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त काळ धातूची चौकट आणि पुट्टी हेच घरगुती टँकचं तंत्र होतं. १९६० च्या दशकात सिलिकॉन आलं तेव्हा कुठे काचेला काच थेट चिकटली. ते नसतं तर रिमलेस हा शब्दच नसता. पुढे ताकाशी आमानोंनी १९८२ साली एडीए काढली आणि त्यांच्या झाडांच्या टँकमुळे "काठ नकोच" ही आवड जगभर पसरली. आमानो स्वतः छायाचित्रकार होते. धागाकर्त्यांचं दुखणं तेच, फोटोत पट्टी येते!

शेवाळराव
आजोबा, तुम्ही यावर वेगळा धागा काढाच.

तिरकस
थोडक्यात, जी चौकट मोडायला शंभर वर्षं लागली ती आपण दहा मिनिटांच्या व्हिडिओत मोडतोय.

शैवालिनी
काठ घासण्याबद्दल कोणीच बोललं नाही. फ्रेमखालची काच बहुतेक वेळा नुसती कापून बसवलेली असते. नंतर रोज हात आत घालायचाय, मनगट कापेल. पाण्यात भिजणारा ४०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, काच सतत ओली ठेवून ४५ अंशांत दोन्ही कडांची धार मोडा, मग ६०० आणि ८०० नंबर. कोरडं घासू नका, काचेची भुकटी नाकात जाते, मास्क लावा. झाल्यावर टँक खळखळून धुवा.

टफन काच असेल तर मात्र घासू नका. तिची कड दुखावली की आख्खी काच एकदम खडीसारखी विखुरते. ओळखायला सोपं: काचेच्या मागे मोबाइल किंवा लॅपटॉपचा पांढरा पडदा ठेवा आणि पोलराइज्ड गॉगल घालून बघा. टफन काचेत काळपट डाग नाहीतर पट्टे दिसतात, साध्या काचेत नाही. काही टँकमध्ये फक्त तळच टफन असतो, म्हणून प्रत्येक काच वेगळी बघायची.

काचकाम
शैवालिनीताईंनी महत्त्वाचं सांगितलं, त्यात एक भर. काठ घासणं फक्त हातासाठी नाही. फ्रेम काढल्यावर सगळ्यात जास्त ताण येतो तो वरच्या काठाच्या मध्यावर, बाहेरच्या अंगाला. काचेचा तडा सुरू होतो तो कडेच्या टवक्यातून. आणि स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणारा माणूस नेमका तिथेच टवका पाडतो. आज पाडलेला टवका सहा महिन्यांनीही हिशोब मागू शकतो. मध्यावर टवका असेल आणि घासून जात नसेल, तर तो टँक रिमलेस ठेवू नका.

मुक्काम_पाण्यात
जोड कच्चा वाटला तर वरून आणखी सिलिकॉन लावलं तर?

काचकाम
नाही हो. नवं सिलिकॉन जुन्या वाळलेल्या सिलिकॉनला नीट धरत नाही. जोडच करायचा तर काचा सुट्या करा, ब्लेडने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा बांधा. बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन टँकला चालत नाही. आणि ते हवेतल्या ओलाव्याने आतपर्यंत वाळतं, त्यामुळे वरून हाताला कोरडं लागलं म्हणून पाणी भरायचं नाही. आठवडाभर थांबा. आंबूस वास पूर्ण जाऊ द्या.

मुक्काम_पाण्यात
मग फ्रेमऐवजी वरच्या काठाला आतून काचेच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या तर? युरोब्रेस म्हणतात तशा. दोन बोटं रुंद. समोरून जवळजवळ दिसत नाहीत.

शैवालिनी
दिसतात. वरून बघताना तर दिसतातच, आणि त्यांच्यावर पाण्याचे डाग साठतात. पण पातळ काचेला तोच प्रामाणिक उपाय आहे.

नीलजल
मग तो रिमलेस कुठे राहिला?

मुक्काम_पाण्यात
काळी पट्टी गेली की झालं की! शुद्धतावादी व्हायचं तर घरचा काचवाला बाळगा.

जलपर्णी
काहीही केलं तरी एक चाचणी चुकवू नका. घराबाहेर किंवा मोरीत, रिकामा टँक सपाट फळीवर ठेवा. एक तृतीयांश भरा, एक दिवस ठेवा. मग दोन तृतीयांश, पुन्हा एक दिवस. मग पूर्ण भरून तीन-चार दिवस. प्रत्येक टप्प्यावर वरच्या काठाला पट्टी लावून फट मोजा आणि लिहून ठेवा. खाली वर्तमानपत्र पसरा, एक थेंब पडला तरी डाग दिसतो. मी हे केलं असतं तर दीड वाजेपर्यंत जागले नसते.

पंखवाला
मासे विसरलात सगळे. फ्रेम गेली की झाकणही जातं, कारण झाकण फ्रेमच्या खाचेवर बसतं. किलीफिश, हॅचेटफिश, डॅनिओ, रेनबो, सगळे उडी मारणारे. माझा एक किली सकाळी टँकमध्ये नव्हता. दोन दिवसांनी सापडला, स्टँडच्या मागे, वाळून कागदासारखा. टँकपासून हातभर लांब! तेव्हापासून पारदर्शक जाळी ताणलेली पातळ चौकट वर ठेवतो.

तिरकस
म्हणजे फ्रेम काढून वर परत चौकट. वर्तुळ पूर्ण.

पंखवाला
ही उचलता येते. आणि किली जिवंत आहेत.

उघड्या टँकचं पाणीही जास्त उडतं, रोज वरचेवर घालावं लागतं. तेव्हा साधं पाणी घालून घालून क्षार वाढत जातात, बदलायचं वेळापत्रक सोडू नका.

गप्पी_गप्प
सगळ्यांचे आभार. व्हर्नियर मागून आणला. चारही उभ्या कोपऱ्यांत मोजलं. ३.९, ४.०, ३.९, ३.९.

म्हणजे ४ मिमी. ६ नाही. तीनदा मोजलं, कारण विश्वास बसेना. खालूनही बघितलं, तळाची काच टेबलापासून बोटभर वर आहे.

काचकाम
वाटलंच होतं. ६ च्या जागी ४ म्हणजे त्याच पाण्यात बाक साधारण ३.४ पट आणि काचेतला ताण सव्वादोन पट. काठोकाठ भरून रिमलेस करू नका. फुटेलच असं मी म्हणत नाही. पण मी माझ्या घरात ठेवणार नाही, एवढं नक्की.

नीलजल
मीही माघार घेते. माझी काच याच्यापेक्षा जाड होती आणि टँक लहान. "मी केलंय" हे उत्तर नव्हतं तुमच्या प्रश्नाचं.

शैवालिनी
पाणी कमी भरलं तर? रेटा उंचीच्या वर्गाने कमी होतो असं वर लिहिलंय. ३६ ऐवजी १८ सेंमी म्हणजे रेटा पाव. ३९ चे १० किलो. आणि मोकळा वरचा काठ तर पाण्याच्या खूप वर राहील.

गप्पी_गप्प
अर्धा रिकामा टँक कसा दिसेल?

शैवालिनी
रिकामा कशाला? दगड आणि लाकूड पाण्याबाहेर येऊ द्या, त्यावर मॉस, कडेला अनुबियास, क्रिप्टोकोराइन. त्यांची पानं हवेतही छान वाढतात. फक्त आधी पाण्यात वाढलेली पानं बाहेर काढली की वाळतील, घाबरू नका, नवी फुटतात.

आजोबा_मासेवाले
हे आवडलं.

गप्पी_गप्प (दोन महिन्यांनी)
धागा वर काढतोय, हिशोब द्यायला.

फक्त वरची फ्रेम काढली, खालची तशीच ठेवली, स्टँडला पुढे लाकडी पट्टी मारली की ती दिसत नाही. नीलजलताईंच्या पद्धतीने काढली. चर्र आवाज आला. सांगितलेलं असूनही दचकलो. काठ ४०० पासून घासला, हात फिरवला तर आता कापत नाही. पाणी १८ सेंमी. जलपर्णींची चाचणी केली, टप्पे मात्र दोनच. पट्टी लावून बघितली तर प्रकाशही पलीकडून येत नव्हता. मागच्या बाजूने दगड वर आलाय, त्यावर मॉस. सकाळी दिवा लागायच्या आधी काचेवर बाष्प धरतं, ते बघत बसतो.

मॉसची पाण्याबाहेरची टोकं तपकिरी पडतायत. फवारा दिवसातून एकदा मारतो.

शैवालिनी
दोनदा मारा, आणि दिवा थोडा वर घ्या. वरून थेट उष्णता लागत असेल.

पंखवाला
मासे कुठे गेले?

गप्पी_गप्प
गप्पी मित्राच्या मोठ्या टँकमध्ये गेले. आता फक्त कोळंबी.

तिरकस
म्हणजे गप्पी गेले, गप्प उरले.

काचकाम
टवका?

गप्पी_गप्प
एक उडाला. मागच्या काचेला, कोपऱ्यापासून चार बोटांवर. घासून गेला, पण बोट फिरवलं की अजून कळतो.